पुट्टी भरलेलं जंगल

प्रिय मावशी, आणि तुझ्यामार्फत जगातल्या तमाम टेपधारकांनो,

आपल्या जमातीवर पिढ्यानपिढ्या अन्याय होत आला आहे. आपण टेप काढली की समोरचा पोट आत ओढतो, आणि पुढे कपडा घट्ट झाला की दोष टेपचा! तुझ्या शिलाई मशीनशेजारी बसून मी लहानपणी हे पाहिलं आणि ठरवलं, की मापं घ्यायची तर अशांची, ज्यांना श्वास रोखता येत नाही. म्हणून मी झाडांकडे गेलो. (झाडंही कोरड्या दिवसांत किंचित आक्रसतात, हे नोकरी लागल्यावर कळलं. तोवर उशीर झाला होता.) असो. तुझा गुडघा कसा आहे? मशीनचं पायडल अजून कुरकुरतं का? तू बरी असशील असं धरून चालतो, कारण पुढचं वाचायला प्रकृती धडधाकट लागते.

मी नक्की करतो काय, असं तू मागे विचारलं होतंस आणि काकांनी ‘झाडांना मिठ्या मारतो’ असं सांगून विषय संपवला होता. तर ऐक. आमचं जंगल कोणी लावलेलं नाही, आपलं आपण उगवलेलं आहे. शेकडो जाती, प्रत्येकीची चाल वेगळी. थंड मुलखातल्या झाडांच्या खोडात वर्षाला एक वलय पडतं, ते मोजलं की काम झालं. आमच्याकडच्या बहुतेक झाडांना असली शिस्त नाही. त्यामुळे दरवर्षी त्याच झाडापाशी जायचं, त्याच जागी टेप गुंडाळायची आणि घेर किती वाढला ते लिहायचं, याला दुसरा इलाज नाही. (काहींची मुळं बुंध्याशी घागऱ्यासारखी पसरतात, तिथे शिडी लावून त्यांच्या वर माप घ्यावं लागतं. कंबर कुठे सुरू होते हा वाद आमच्याकडेही आहे.) जागा चुकू नये म्हणून खोडावर रंगाची बारीक रेघ ओढतात. या मापांवरून आमचा गणिती संगणकावर हिशेब मांडतो, की कुठलं झाड किती वर्षांत तोडण्याजोगं जाड होईल. आणि त्यावरून साहेब ठरवतात, की एकदा तोड झाली की त्या भागात पुन्हा किती वर्षं कुऱ्हाड न्यायची नाही. हा हिशेब चुकला, तर जंगल भरून यायच्या आत आपण पुन्हा दारात हजर.

गेल्या आठवड्याच्या बैठकीत मी भाषण केलं. (तू म्हणशील, पुन्हा? हो, पुन्हा.) अंदाजावर जंगल चालवणं म्हणजे डोळे मिटून कात्री चालवणं आहे, असं मी गरजलो. टेप खोटं बोलत नाही, टेप सांगेल तेच झालं पाहिजे! मूठ आपटली, पाण्याचा ग्लास लवंडला, टाळ्या पडल्या. साहेबांनी भिजलेला कागद शांतपणे पुसला आणि वाचून दाखवलं, की टेपच्या म्हणण्याप्रमाणे ओढ्यापलीकडची झाडं इतर भागांच्या दुपटीने वाढताहेत. तेव्हा तिथली तोड चाळीसऐवजी वीस वर्षांनी करता येईल. मागच्या तोडीला वीस वर्षं झालीच आहेत, म्हणजे याच हंगामात. ठरावाला आधार म्हणून माझंच वाक्य घेतलं.

दुसऱ्या दिवशी ओढा ओलांडून गेलो. प्रत्येक झाडाच्या छातीवर चार बोटं रुंद, पिवळाजर्द, आरशासारखा गुळगुळीत पट्टा. याला रेघ म्हणत नाहीत, कमरपट्टा म्हणतात. चाकूने खरवडलं. पिवळा रंग, खाली पांढरी पुट्टी, खाली पुन्हा पिवळा, पुन्हा पुट्टी. तेव्हा आठवलं, की या भागातल्या रेघा ओढायचं काम, निवृत्तीनंतर घरात बसून कंटाळलेल्या तुझ्या यजमानांना, म्हणजे काकांनाच, मीच मिळवून दिलं होतं. आयुष्यभर गाड्या रंगवलेल्या माणसाला खरखरीत साल बघवली नाही. त्यांनी दरवर्षी आधी फटी बुजवल्या, मग रंगाचे दोन हात मारले. आणि आमची माणसं (त्यांत मीही आलो) दरवर्षी त्या पट्ट्यावरूनच टेप फिरवत राहिली. जाड स्वेटरवरून माप घेतलं तर काय होतं, हे तुला सांगायला नको. खरवडलेल्या जागी टेप लावली, तर निम्मी वाढ खाली जमिनीवर पडलेली.

साहेबांना खपली दाखवली. ते म्हणाले, “एका खपलीवर ठराव मागे घेता येत नाही. ज्यांनी रंगवलं त्यांना सोमवारी बैठकीत आणा. किती पुट्टी, किती हात, ते त्यांनी सांगावं. वजा करून नव्याने मांडू.” मी काकांना फोन केला.

“रंगाने जाडी वाढते? हयातभर गाड्या रंगवल्या, एक तरी फुगली का रे?”

“काका, गाड्यांना कोणी टेप लावत नव्हतं.”

“आणि तुझी मावशी रोज पावडर लावते, तिचं काय?”

(यावरचं उत्तर इथे लिहीत नाही, ते केवळ तुझ्याबद्दलच्या आदरापोटी.) त्यांनी फोन आपटला, तेव्हापासून उचलत नाहीत. त्यांचंही बरोबर आहे. सगळ्या जंगलात आपला भाग पहिला आला, असं ते शेजारीपाजारी सांगत फिरताहेत. ‘माझी झाडं’ म्हणतात. त्यांच्याच मायेपायी ती झाडं वीस वर्षं आधी आडवी होणार आहेत, एवढंच कोणीतरी त्यांना पटवायला हवं. मी इतकी भाषणं करतो, पण तुमच्या घरात माझं भाषण कधीच चाललेलं नाही.

बाकी सर्व ठीक. गुडघ्याला जप.

तुझा भाचा

ता. क. सोबत राखाडी पँट पाठवतो आहे. ती धुऊन आटली आहे, असं माझं प्रामाणिक मत आहे. दोन बोटं सैल कर. माप पुन्हा घ्यायची गरज नाही, अंदाजाने चालेल.

आणखी एक ता. क. हे पत्र लिहिलं ते यासाठी. तुमच्या फाटकाचे दोन लोखंडी खांब एकाच मापाचे, एकाच दुकानातून, एकाच दिवशी आणलेले. उजव्याचे गंजाचे खड्डे काका दरवर्षी पुट्टीने बुजवतात आणि वर रंग देतात. डावा वेलीत बुडाल्यामुळे त्यांच्या हाताला कधी लागलाच नाही. मावशी, शनिवारी ते अंगणात चहा घेत बसले असतील तेव्हा टेप घेऊन बाहेर ये, वेल बाजूला कर आणि त्यांच्या डोळ्यांदेखत दोन्ही खांबांचा घेर मोज. आकडे मोठ्याने वाच. पुढे काही बोलू नकोस. लोखंड वाढत नाही, हे त्यांना ठाऊक आहे.