सहीची शेपटी

हारो, ९ जुलै १९४४

चि. फेलिसा हिस, थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझ्या लग्नाला नानाय येणार नाही. बापाचं वर्ष सरलं नाही, आईच्या अंगावर शोकाचं काळं आहे आणि लेक नाचणार, असं म्हणते. मी म्हटलं, तातय गेल्या साली नदीत वाहून गेले ही नुसती ऐकीव गोष्ट, देह कुणी पाहिलाय? तिनं ताट सरकवलं. जपानी नोटेवर ना सही ना नंबर, असल्या बेवारस कागदाची खजिनदारी मी करणार नाही म्हणून तातय डोंगरातल्या आपल्या लढवय्यांची खजिनदारी करायला गेले, याचाच तिला राग आहे. तुझ्या नवऱ्या मुलाला, पानियोला, ती 'तो ठिगळ्या' म्हणते. विजारीची ठिगळं मोजून ठेवली आहेत तिनं.

मी तिला सोडून येऊ शकत नाही. रागावू नकोस.

तुझी,
एंग्रासिया

गिम्बाल, २३ जुलै १९४४

ती. मानांग एंग्रासिया हिस, तुझा हात कपाळी लावून. वि. वि.

हे पत्र तोमासा मासळीवालीच्या हाती देते आहे. टपालात घालण्यासारखं नाही.

लग्न झालं. नाचताना रीतीप्रमाणे लोकांनी आमच्या कपड्यांना नोटा टाचल्या. शंभराशंभराच्या जपानी नोटांनी मी नुसती सळसळत होते, आणि सगळ्यांची मिळून एक कोंबडी आली, तीही म्हातारी. तुम्ही दोघी नव्हता, मला फार रडू येत होतं.

शेवटी तोमासानं एक घडी घातलेली जपानी नोट छातीशी टाचली, घरी जाऊनच सोड म्हणाली. आत दुसरी नोट निघाली, आपल्या लढवय्यांनी डोंगरात छापलेली, खाकी कागदाची. साल यंदाचं. खाली शाईनं केलेली सही, शेवटच्या अक्षराची शेपटी पार कडेपर्यंत. मानांग, ती तातयची सही आहे. ते जिवंत आहेत.

ही नोट सापडली तर मान उडवतात, म्हणून मासळीच्या पोटात घालून पाठवते. नानायला दाखव आणि लगेच जाळ.

तुझीच धाकटी,
फेलिसा

हारो, ३० जुलै १९४४

चि. फेलिसा हिस, अनेक आशीर्वाद. वि. वि.

नानायनं चष्मा लावला, सहीवरून बोट फिरवलं. म्हणाली, शाईची एवढी टंचाई आणि या माणसाची शेपटी काही आखूड होत नाही. मग दोघी गळ्यात गळा घालून रडलो. नोट तिनं स्वतःच चुलीत घातली आणि राख होईतो तिथंच बसून राहिली.

सकाळी काळा झगा उतरवला. तोही जाळू का विचारलं तर माझ्यावरच खेकसली, कापड काय झाडाला लागतं? दिवसभर बसून तिनं त्याची विजार शिवली. तोमासाबरोबर पाठवते आहे. शिवणीतली माया आहे तशीच राहू दे.

कंबर फार सैल झालीय, असं मी म्हटलं. तर म्हणाली, असू दे, युद्ध संपलं की जावई अंग धरतील.

तुझी,
एंग्रासिया