सुरी, घोडी आणि माझं नाव

मी, कालिबेक ओसोनोव, वय चौऱ्याहत्तर, राहणार अत-बाशी, प्रांत नारिन, कुणाच्याही दडपणाखाली न येता हे लिहून ठेवतो. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. स्मरण पूर्ण आहे असं मात्र लिहीत नाही, नाहीतर सुरुवातच खोटी व्हायची. नारिनच्या डॉक्टरीणबाईंनी मला कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं. मी सगळे आकडे एकाच बाजूला काढले. "निर्णय तुम्ही घेऊ शकता, पण जे ठरवायचं ते आत्ताच ठरवा," असं त्या म्हणाल्या. म्हणून ही घाई.

१. घर, तबेला आणि नऊ मेंढ्या मुलगा तालाय आणि सून बुरुल यांना समाईक. बायकोने केलेला नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, गालिचा विकू नये. तिचे त्यावर दोन हिवाळे गेले, आणि मी पहिल्याच दिवशी त्यावर चहा सांडला.

२. शेजारी सादिर याने माझं खोगीर नेलं ते परत केलेलं नाही. केलं असेल आणि मी विसरलो असेन, तर साक्षीची सही करताना त्याने तसं लिहावं. त्याला बाकी काही मिळणार नाही. कारण पुढच्या कलमात आहे.

३. मांस वाटायची सुरी. अठ्ठावीस वर्षं गावच्या प्रत्येक लग्नात कुणापुढे कोणतं हाड जायचं हे मी ठरवलं. यंदा पुतणीच्या लग्नात मी थोरांच्या मानाचं मेंढीचं मुंडकं नव्या जावयापुढे ठेवलं, आणि जावयाचं छातीचं हाड ऐंशी वर्षांच्या व्याह्यांपुढे. सगळे मुकाट जेवले. सादिर तेवढा बाहीत तोंड घालून हसला. घरी आल्यावर तालाय म्हणाला, "बाबा, काही झालं नाही, दमला होतात." बुरुल चहा ओतत होती. मान खाली ठेवूनच म्हणाली, "चुकलात, बाबा. आणि ही तिसरी खेप." मला राग आला. दोन दिवस तिच्या हातचा चहा घेतला नाही. मग गावात दोघांना खोदून विचारलं. तिसरीच होती.
सुरी तालायला, आणि मेल्यावर नाही, आजच.

४. हे कलम सर्वांत महत्त्वाचं. उन्हाळ्यात मला वर कुरणावर न्यावं. ज्या दिवशी मी माझ्याच करड्या घोडीकडे बघून "ही कुणाची?" असं विचारीन, त्या दिवसापासून मला एकट्याने घोड्यावर बसू देऊ नये, आणि माझ्याबद्दलचा प्रत्येक निर्णय बुरुलने घ्यावा. तालायने नाही. त्याची माझ्यावर माया आहे, पण तो मला बरं वाटेल तेवढंच बोलतो. मी आरडाओरडा करीन, शिव्याही देईन. त्या कालिबेकचं ऐकू नये, या कालिबेकचं ऐकावं. घोडी बुरुलला.
तालाय म्हणाला, "लोक काय म्हणतील? सून सासऱ्यावर हुकूम चालवणार?"
मी म्हटलं, "लोकांनी मला माझी चूक तरी कुठे सांगितली?"

५. बुरुल बावीस वर्षं या घरात आहे. रीतीप्रमाणे तिने माझं नाव एकदाही घेतलेलं नाही. मतदारयादीवाले दारात आले तर सासऱ्याचं नाव सांगायला शेजारणीला बोलावते. डॉक्टरीणबाई म्हणतात, पुढे स्वतःचं नावही जाऊ शकतं. तालाय 'बाबा' म्हणेल, पण बाबा तर घरोघरी आहेत. मला माझं नाव न कचरता सांगेल असं माणूस एकच, आणि तिलाच ते वर्ज्य. याची मला भीती वाटते. म्हणून ते बंधन मी आज काढून टाकतो.
सहीपूर्वी साक्षीदारांसमोर तिला म्हटलं, "एकदा घे." तिने डोक्यावरचा रुमाल सारखा केला. सादिर खाकरला. ती चुलीकडे वळली. मग म्हणाली, "कालिबेक."
मी ओ दिली.

ठिकाण अत-बाशी, १९ ऑक्टोबर २०२३ (तारीख साक्षीदाराला विचारून)

साक्षीदार:
सादिर तोक्तोबाएव. खोगीर माझ्याकडेच आहे. उद्या आणून देतो.
झामिला ओरोझोवा, शिक्षिका. वरील नाव घेतलेलं मी ऐकलं.

लिहून देणार: कालिबेक ओसोनोव