उघाडीवरच्या तीन पट्ट्या

बाबा, तू गेल्यापासून तुला कधी काही लिहिलं नाही, आणि आज लिहितेय ते डांबराबद्दल.

आधी माझं काम सांगते. रोह्याला एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मी लोखंडाला गंजापासून वाचवणाऱ्या रंगांवर काम करते. ग्राफीन म्हणजे कार्बनचा पापुद्रा, एका अणूइतकाच जाड. तो पाण्याला, मिठाला वाट देत नाही, म्हणून आम्हाला तो रंगात हवा असतो. पण हे पापुद्रे रंगात मिसळायचे सोडून एकमेकांनाच चिकटतात आणि गोळे होतात. मग आम्ही त्यांच्यावर रसायनाने ऑक्सिजन बसवतो आणि त्याला दुसरा एक रेणू जोडतो, जो रंगाला धरून ठेवतो. हे करताना मला खाडीचं पाणी अडवणारा आपला खारबांध दिसतो. मी भेगेवर ओला चिखल थापतेय आणि तू ओरडतोयस, "भाकरी थापतेस काय गो? आधी जुन्याला खाचा पाड. गुळगुळीताला गुळगुळीत धरत नाय." आमचा ऑक्सिजन म्हणजे त्या खाचा. फार झाल्या तर पापुद्र्यालाच भोकं पडतात. ही उपमा खरी आहे, की तू आहेस म्हणून मला आवडते, ते अजून ठरत नाही.

साहेब म्हणाले होते, खाडीच्या पाण्यात रंग टिकला तर काम पुढे, नाहीतर बंद. म्हणून दिवाळीनंतर मी लोखंडाच्या तीन पट्ट्या तुझ्या उघाडीला टांगल्या. एकीला नुसता रंग, दुसरीला साधं ग्राफीन घातलेला, तिसरीला आमचं बदललेलं ग्राफीन घातलेला. भरतीचं पाणी शेतात येऊ न देणारी उघाडीची ती दारं आता काका बघतो. पावसाआधी गेले, तर तिन्ही पट्ट्या काळ्या कुळकुळीत.

"काका, काय केलंस हे?"

"डांबर लावलं. दर वैशाखात लावतोच, तुझ्या बापापासून. तुझ्या पट्ट्याच तेवढ्या उघड्या, बरं नाय दिसत."

"दोन हात दिलेत गो," काकू कौतुकाने म्हणाली. "तुझ्या म्हणून."

"आधी गंज होता का?"

"व्हय, एकीला होता. कोणतीला, ते नाय आठवत." माझा चेहरा बघून काका पुढे म्हणाला, "तुला कोणती पायजे ती सांग. तीच व्हती."

परत येताना गाडीत, पेण येईपर्यंत, मी त्या वाक्याचा विचार करत होते. नाही म्हणायला मला तेवढा वेळ लागला, हेही लिहून ठेवते. दुसऱ्या दिवशी साहेबांना सांगितलं, नमुने बाद, काकाने डांबर फासलं. ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, "एक पावसाळा आणखी घ्या. आणि काकांना आधी सांगा."

काल नव्या पट्ट्या टांगल्या. माझ्या पट्ट्यांना दोन हात दिल्यामुळे शेवटच्या दाराला डांबर पुरलं नव्हतं. काका म्हणाला, "तुझाच रंग लाव की त्याला. येवढी शिकलीस ती कशाला?" डब्यात आमचा रंग उरलाही होता.

हे पत्र डायरीतच राहणार, म्हणून सांगते. दाराच्या आत आपलं भाताचं शेत होतं, बाबा. मी पेणच्या बाजारात जाऊन डांबर आणलं, आणि दोन हात दिले.