पडवीतले कोयते

सोमवार, ९ फेब्रुवारी १९५३

साहेबांनी आज भलतंच काम गळ्यात मारलं! कारखान्याच्या कोलशेतच्या नव्या शेडला विटा येतात त्या भट्टीवर जायचं आणि तिथं कुणी वेठीला धरलेलं नाही ना, ते पाहून लिहून द्यायचं. 'वेठीची वीट आपल्या भिंतीत नको,' म्हणाले. मी स्टोअर्सचा हेडक्लार्क. खिळे मोजणारा माणूस, मला माणसांतलं काय कळतं?

सकाळी लवकर निघायचंय. तुळसानं भाकरी बांधून ठेवलीय. लग्नात माझ्या बायकोबरोबर, हेमाबरोबर, मुरबाडहून माहेरची म्हणून आलेली ही कामाची बाई. अकरा वर्षं झाली, तिला काही सांगावं लागत नाही.

मंगळवार, १० फेब्रुवारी

भाकरी तशीच परत आणली. ठेकेदार विश्रामशेठनं कल्याण स्टेशनावर टांगा पाठवला होता. भट्टी खाडीकाठी आहे. आधी जेवण! खाडीतली ताजी बोयटं मासळी, तांदळाची भाकरी. मग भट्टीवरची कातकरी माणसं रांगेत उभी केली. मी विचारलं, 'काही त्रास?' मुनीम शेजारीच होता. सगळे म्हणाले, 'नाय.' संपली चौकशी.

एक गोष्ट मात्र मनापासून आवडली. शेठच्या पडवीत भिंतीवर तीसेक कोयते ओळीनं टांगलेले, एकालाही गंज नाही. रिपोर्टात मुद्दाम लिहिलं — 'कामगारांची हत्यारे मालक स्वतः जपून ठेवतात.' तिथंच सही केली. येताना टोपलीभर वालाच्या शेंगा मिळाल्या. नको कशाला म्हणायचं?

घरी आल्यावर तुळसाला म्हटलं, 'आपल्या कोयत्यालाही जरा तेल लावत जा.' 'लावते ना मी, दर शिमग्याला,' म्हणाली आणि शेंगा सोलायला बसली.

गुरुवार, १२ फेब्रुवारी

महाशिवरात्र. उपास. काल साहेबांनी रिपोर्ट वाचून पाठ थोपटली, त्यावरच पोट भरलं!

मंगळवार, १७ फेब्रुवारी

आज विटांचा मचवा कोलशेतच्या धक्क्याला लागला. उतरवायला भट्टीवरचीच चार माणसं होती. त्यातली एक बाई डोक्यावरच्या विटांसकट माझ्यासमोर उभी राहिली. हिचं नाव शेवंती. ही माणसं सगळ्यांनाच अरे-तुरे करतात, तरी कानाला लागलंच.

'तूच ना तो रायटर? शेंगा ग्वाड व्हत्या का?'

मग तिनं सांगितलं. तिच्या नवऱ्यानं, नामानं, लग्नासाठी शेठकडून उचल घेतली. त्या दिवसापासून दोघं त्याची. सात वर्षं! याला लग्नगडी म्हणतात म्हणे. आणि पळून जाऊ नयेत म्हणून शेठ पहिल्याच दिवशी कोयता काढून घेतो. कोयता नसला की कातकरी रानात शिरणार कसा, लाकूड तोडणार कसा, खाणार काय? कुलूप नको, पहारेकरी नको.

'बा आजारी हाय माजा. शिमग्याला घरा जायचा व्हता. तू भितीवरले कोयत्यांकडं बगत व्हतास. मना वाटला, आता इचारल.'

विटा पाडायला कोयता कशाला लागतो? एवढंसुद्धा माझ्या डोक्यात आलं नाही. आलं नाही, की शेंगांच्या टोपलीनं येऊ दिलं नाही?

बुधवार, १८ फेब्रुवारी

झाकली मूठ सव्वा लाखाची. रिपोर्ट फायलीत गेलाय. कोण उघडतंय?

शुक्रवार, २० फेब्रुवारी

वालाचं बिरडं ताटात. ताट बाजूला सारलं. हेमा म्हणाली, 'मीठ कमी आहे का?'

मंगळवार, २४ फेब्रुवारी

सांगून टाकलं. साहेबांच्या टेबलासमोर उभा राहिलो आणि सगळं ओकलो, शेंगांसकट. वाटलं, नोकरी गेली. त्यांनी रिपोर्ट काढून माझीच कोयत्यांची ओळ वाचली. 'तुम्ही पाहिलंत. लिहिलंतसुद्धा. फक्त विचारलं नाहीत,' म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

मी विचारलं, विटा बंद करायच्या का? म्हणाले, 'आणि मग ती माणसं दुसऱ्या भट्टीवर जुंपली जातील. त्यापेक्षा शेठला सांगा, उचल माफ आणि कोयते परत. तोवर बिल अडकलं. आणि कोयते त्याच्या हातानं नाही, तुमच्या हातानं द्यायचे.'

शुक्रवार, २७ फेब्रुवारी

दिले. विश्रामशेठनं खूप कांगावा केला. 'अहो, मी यांची लग्नं लावली, मी यांना बापासारखा!' पण बिल मोठं होतं. शेवटी उचल माफ केली आणि स्वतः खुंटीवरून एकेक कोयता काढून माझ्या हातात देत गेला. मला वाटलं होतं नावं पुकारावी लागतील. छे! प्रत्येकाच्या मुठीवर आपापली खूण कोरलेली. लांबूनच ओळखून पुढं येत होते. नामाच्या मुठीवर फुली होती. त्यानं अंगठ्यानं ती दोनदा चाचपली.

कुणी पाया पडलं नाही, बरं वाटलं. शेवंती माझ्याकडं न बघता गेली. तेही बरोबरच. सही माझीच होती ना! तरीपण आज कित्येक दिवसांनी पोटभर जेवलो. तुळसानं वाढलं.

शनिवार, २८ फेब्रुवारी. होळी

होळीत टाकायला नारळ सोलायचा म्हणून मीच कोयता काढला. मुठीवर तीन खाचा आहेत. अकरा वर्षं घरात आहे, आज दिसल्या. लग्नात सासऱ्यांनी भांड्यांबरोबर दिलेला.

'तुळसा, हा कुणाचा गं?'

ती पुरण ढवळत होती. 'माज्या दादल्याचा. तुज्या सासऱ्याचे पडवीत व्हता. तो मेला, मी रायले. कोयता हितं आला, म्हनून मीबी आले.' मग म्हणाली, 'तू कदी इचारलाच नाय.'

मी कोयता पुढं केला. तिनं पळी खाली ठेवली, हात पदराला पुसले, कोयता घेतला आणि मागल्या दारानं निघून गेली. चप्पल तिला नव्हतीच.

नारळ तसाच आहे. हेमा न्हाणीतून ओरडतेय, 'तुळसा, अगं पुरण लागलं!'