पंखा, फोन आणि अभ्यासाच्या मर्यादा

दि. ४ फेब्रुवारी

ती. स्व. मामास,
कृ. सा. न. वि. वि.

पत्राचं कारण स्वार्थी आहे. नोकरी करून शिकायच्या माझ्या अभ्यासक्रमात शेवटी आपल्याच कामावर संशोधन अहवाल लिहावा लागतो, आणि तुम्ही जन्मभर कॉलेजात असेच अहवाल तपासलेत. आमचं ऑफिस लिफ्टच्या दुरुस्तीचं. विषय साहेबांनीच दिला: तक्रारी निम्म्यावर कशा आल्या. निष्कर्षही त्यांनीच दिला, की आमची सेवा सुधारली. पहिलं प्रकरण सोबत धाडते.

पण परवा एक शिंपीणबाई तरातरा ऑफिसात आल्या. लिफ्टमध्ये अडकून रडकुंडीला येईपर्यंत त्या आमचा तक्रारीचा नंबर लावत होत्या. शेवटी शेजाऱ्यांनी बाहेर काढलं. मी कपाटामागे बघितलं, तर फोनची पिन उपटून तिथे साहेबांचा टेबलफॅन लावलेला! निम्म्या उरल्या त्या लोक ऑफिसात येऊन करतात त्या. साहेब म्हणाले, अहवालात पंखा आला तर माझी सही येणार नाही. सहीशिवाय पदवी नाही, मामा. रात्री झोप लागत नाही.

मामीला नमस्कार. लोभ असू द्या, निदान तपासून होईपर्यंत तरी.

तुमची भिंगरी

दि. ९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

प्रकरण वाचलं. ‘सदर संशोधिकेने सखोल अवलोकन केले’ म्हणजे तू बघितलंस ना? मग तसं लिही की. ही संशोधिका कोण, असं तुझी मामी दोनदा विचारून गेली. संदर्भसूचीतून न वाचलेली पुस्तकं काढ. एक उरेल, तेही लायब्ररीत परत कर.

आता पंखा. खोटा निष्कर्ष लिहिलास तर माझ्या दारात येऊ नकोस. नोंदलेल्या तक्रारी घटल्या, एवढंच लिही. ते खरंच आहे. पुढे ‘अभ्यासाच्या मर्यादा’ नावाचं एक पान असतं. तिथे पोरं वेळ अपुरा पडल्याचं रडगाणं गातात, म्हणून ते कुणी वाचत नाही. मी मात्र तपासायला तिथूनच सुरुवात करायचो. पंखा तिथे ठेव. आणि ऋणनिर्देशात साहेबांचं नाव ठळक घाल. साहेबलोक तेवढंच वाचतात.

आशीर्वाद आहेतच, लोभ शुद्धलेखन सुधारल्यावर वाढेल.

मामा

दि. २ एप्रिल

ती. स्व. मामास,
कृ. सा. न. वि. वि.

पास झाले! साहेबांनी ऋणनिर्देशातलं स्वतःचं नाव बोट फिरवून वाचलं आणि सही ठोकली. तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षक बाई आल्या. साहेब मानाने शेजारी बसले. बाईंनी थेट तुमचं ते पान उघडून मोठ्याने वाचलं, की अभ्यासाच्या संपूर्ण काळात तक्रारीचा फोन बंद होता, कारण त्याच्या जागी व्यवस्थापकांचा पंखा चालू होता. मग त्यांनी साहेबांना विचारलं, वारा नीट लागतो ना. खोटं कशाला सांगू, मजा येत होती.

आता पंखा कपाटात आहे. फोन चालू झालाय, आणि शिक्षा म्हणून तो माझ्याच टेबलावर ठेवलाय. दिवसभर खणखणतो. माझ्या अहवालामुळे तक्रारी तिप्पट झाल्या आणि चांगली चाललेली सेवा बिघडली, असं साहेब घाम पुसत सगळ्यांना सांगत सुटलेत.

पहिला फोन शिंपीणबाईंचा होता. तक्रार काही नव्हती, कुणी उचलतं का तेवढंच बघायचं होतं म्हणे. मी उचलला तर आधी माझं नाव विचारून घेतलं. मग म्हणाल्या, बरं झालं बाई, आजपासून पुन्हा लिफ्टने उतरते.

तपासायला आता काही उरलं नाही, तरी लोभ राहू द्या.

तुमची भिंगरी