लॉजवरचा मुक्काम

गुरुवार, ६ नोव्हेंबर
उद्या सकाळी कूच. पलूस, सातारा, वडूज, विटा, परत पलूस. सगळं घराजवळचंच, पण निवांत असं कधी पाहिलेलं नाही. फौजेत असताना अख्ख्या युनिटच्या मूव्हमेंट ऑर्डर मी टाइप केल्या आहेत. एक बोलेरो, आई, बायको रेश्मा आणि लेक सोनम, एवढं हलवणं म्हणजे काहीच नाही.

रेश्माची एकच अट आहे. पाहुण्यांकडं उतरायचं नाही, लॉजवर राहायचं. तिचं म्हणणं, लग्न झाल्यापासून आपण जिथं गेलो तिथं मी दुसऱ्याच्या चुलीपुढंच बसले. अतिशयोक्ती आहे. कोल्हापूरला गॅस होता. वर म्हणाली, एकदा तरी मला कुनीतरी इचारावं, बाई, चा किती वाजता आणू म्हणून.

मान्य केलं. फौजी शब्दाला पक्का असतो.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
सातारा. लॉजकडंच निघालो होतो. वाटेत मावसभाऊ सिद्धू भेटला. म्हणजे मीच फोन केला होता, रस्ता विचारायला. रस्ता मला माहीत होता, पण खात्री केलेली बरी. तो म्हणाला, गड्या, मी हितं जिता असताना लॉज? लोकं माझ्या तोंडात श्यान घालतील. मी ठाम नकार दिला. मग त्याच्याकडं राहिलो.

जेवण उत्तम. रेश्मानं आल्या आल्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला. रमली.

निघताना सिद्धूला म्हणालो, आता तुम्ही या बरं का, सगळीजणं. एवढं म्हणावंच लागतं. उद्या लॉज.

शनिवार, ८ नोव्हेंबर
वडूज. बनाबाई आत्याचं घर अगदी रस्त्यालगत आहे. फक्त रस्ता वेगळा आहे. तिच्या दारासमोर कुत्रं आडवं आलं म्हणून मी हॉर्न दिला. सोनम म्हणते कुत्रं नव्हतं. ती फोनमध्ये बघत होती, तिला काय दिसणार?

आत्या पळतच बाहेर आली. दिवाळीचा शिल्लक चिवडा, करंज्या, चहा. मग कोंबडं. मग अंधार. रेश्मा आत गेली ती थेट हात धुवायलाच बाहेर आली. आत्याची सून सोनिया आणि ती मिळून भाकऱ्या थापत होत्या. बायकांना गप्पा मारायला तेवढंच निमित्त.

झोपताना रेश्मा एवढंच म्हणाली, उद्याचा शेवटचा दिवस हाय. सोनमनं परस्पर ऑनलाइन बुकिंग करून टाकलं आहे, विटा-पलूस रोडवरच्या नव्या लॉजवर. आमच्या गावाच्या जरा अलीकडं. लॉजच्या गच्चीवरून आमची पाण्याची टाकी दिसत असेल. मी म्हणालो, एवढं घराजवळ येऊन लॉजवर झोपायचं म्हणजे लोक हसतील. रेश्मा म्हणाली, हसू द्या.

ठीक आहे. उद्या कुठंही थांबायचं नाही.

रविवार, ९ नोव्हेंबर, सकाळ
शेवटचा दिवस. मनःस्थिती उत्कृष्ट. प्लॅन असा: वडूज सोडायचं, विटा बाहेरून पार करायचा, जेवण हॉटेलात, उजेड असतानाच लॉज.

आत्यानं सगळ्यांना कुंकू लावलं, मला टॉवेल-टोपी, बायकांना ब्लाऊजपीस आणि नारळ. सिद्धूनंही हे सगळं दिलं होतंच. गाडी वळली की मागं सगळे नारळ गडगडतात. सोनम म्हणते, पप्पा, रणगाड्यात बसल्यासारखं वाटतंय. आई तर प्रत्येक वळणाला हसते. मीही मुद्दाम दोन-चार वळणं जोरात घेतली. फार मजा आली. रेश्मासुद्धा हसली, तीन दिवसांत पहिल्यांदा. बरं वाटलं.

निघताना आत्याला म्हणालो, आता तू यायचंस. रस्त्याला लागल्यावर चहाच्या टपरीवरून घरच्यांच्या ग्रुपवर टाकलं: सर्वांच्या प्रेमाने भारावून गेलो. आता पाळी आमची. कधीही या, घर तुमचंच आहे. खाली हात जोडलेले. लगेच सगळ्यांचे अंगठे आले. आपल्याला किती मान आहे हे अशा वेळी कळतं.

रविवार, दुपार
विटा बाहेरून पार करत होतो. तेवढ्यात चुलतभाऊ आकाराम आठवला. त्याचं सोनं-चांदी गाळायचं, गलाईचं दुकान तिकडं मदुराईला. तो दिवाळीलाच गावी येतो. पुन्हा वर्षभर भेट नाही. पाच मिनिटं म्हणून गाडी आत घातली. गाडी बंदसुद्धा करणार नव्हतो.

आकाराम म्हणाला, सोन्यासारखा मानूस दारातनं परत जातूय व्हय? गाडी बंद केली. करंज्या, चिवडा, चहा. मग मटण. रेश्मा आत जाऊ लागली तेव्हा मी मुद्दाम सर्वांसमोर म्हणालो, आज तू काही करायचं नाहीस. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि खोबरं किसायला घेतलं. मी सांगायचं ते काम केलं.

त्याला सिद्धूची टॉवेल-टोपी दिली. त्यानं मला आणखी भारी दिली. वर तीन नारळ.

रविवार, ऊन उतरल्यावर
परिस्थितीत किरकोळ बदल.

आकारामच्या अंगणातच आत्याचा फोन आला. नाथा, आमी निघालो रं. एवढ्या मायेनं बोलावलंस, म्हातारीला न्हाई म्हनवत न्हाई. सिद्धू जीप घिऊन आलाय, सोनिया बी हाय, पोरंटोरं बी हाईत. दिवा लागायच्या आत पलूस गाठतो.

मी म्हणालो, या, या, वाटच बघतोय. दुसरं काय म्हणणार? आकारामनं ते ऐकलं. म्हणाला, मग आमी बी येतू मागनं, लय दिवसांत सगळी एका ठिकानी जमली न्हाईत. मी त्यालाही या म्हणालो. यातलं एकही वाक्य मला टाळता येण्यासारखं नव्हतं.

गाडीत बसल्यावर परिस्थितीचा आढावा घेतला आणि आदेश दिला. लॉज रद्द. सरळ घरी. रेश्मानं भाकरीचं बघावं, आईनं लसूण सोलावा, सोनमनं गाद्या घालाव्यात. लॉज काय पळून जातोय? पुढच्या दिवाळीला बघू.

पुढं उसाचे ट्रॅक्टर, मागं नारळ. बाकी शांतता. याचा अर्थ सगळ्यांना पटलं.

रविवार, संध्याकाळ
लॉजचा बोर्ड दिसला तशी रेश्मा म्हणाली, जरा थांबा. मी म्हणालो, रद्द करायला थांबायची गरज नाही, फोन करू. ती म्हणाली, थांबा म्हनलं नव्हं. थांबलो.

ती उतरली. सोनम उतरली. बॅगा काढल्या. रेश्मा शांतपणे म्हणाली, पाहुणं तुमचं हाईत, तुमी बोलावल्यात, तुमी बघा. मला आज चा कुनीतरी आणून दिनार हाय.

मी आईकडं पाहिलं. आई माझ्या बाजूची. आई म्हणाली, नाथा, मी बी जल्मात लॉज बघितला न्हाई रं. तू हो फुडं. आणि नातीचा हात धरून उतरली. पायऱ्या चढताना तिघी अशा हसत होत्या की वॉचमनही हसायला लागला.

मी त्यांना ठरल्याप्रमाणे लॉजवर सोडलं, अशी नोंद करतो. शब्द पाळला. पुढं एकटाच निघालो. नारळ होतेच.

घरी जीप आधीच उभी होती. आत्यानं पहिलंच विचारलं, रेश्मा कुठं हाय? मी म्हणालो, महत्त्वाच्या कामावर पाठवली आहे. सगळे ओसरीवर बसले, माझ्याकडं बघू लागले. साखरेचा डबा सापडेना. रेश्माला फोन लावला तर बंद.

तेवढ्यात सोनिया उठली. प्रवास करून आलेली, अजून पाणीसुद्धा प्यायली नव्हती. पदर खोचला आणि कुणी न सांगता चुलीकडं निघाली. रेश्मासारखीच. अगदी तशीच. मीही उठलो. बसून पाय अवघडले असावेत.

मी तिला म्हणालो, तू बस. मी करतो. सिद्धू म्हणाला, गड्या, तुला येतूय व्हय? म्हणालो, फौजेत सगळं शिकवतात. फौजेत मी टाइप करत होतो, हे त्याला माहीत आहे.

सोमवार, १० नोव्हेंबर
भात चिकटला. रस्सा झाला, पण कशाचा ते कुणाला सांगता येईना. मागनं आलेली आकारामची माणसं धरून सोळाजणांनी नारळाची चटणी करून भागवलं. नारळ फोडण्यात मात्र मी कुणाला हार गेलो नाही. सगळे पोट धरून हसत होते. आत्या म्हणाली, अशी मजा लय दिसात आली न्हाई. आता हप्ताभर हितंच ऱ्हातो.

सकाळी सोनमनं फोटो पाठवला. पांढऱ्या चादरीवर आई आणि रेश्मा पाय पसरून बसलेल्या, मध्ये चहाचा ट्रे. आईच्या हातात टीव्हीचा रिमोट. रेश्माचा चेहरा असा की मी फोटो मोठा करून पाहिला. लग्नाच्या अल्बममध्येही ती अशी हसलेली नाही. वाईट वाटलं. खरंच वाटलं.

खाली रेश्माचा निरोप: त्यांनी इचारलं, चा किती वाजता आणू. मी म्हनलं, आमी सांगू.

मी पाहुण्यांना विचारलं, चहा किती वाजता आणू? आत्या म्हणाली, आत्ता आन, आनि परत घटकाभरानं आन.

दोन्ही वेळचा आणला. मग दूध आणतो म्हणून निघालो आणि थेट लॉजवर गेलो. ठरवलं होतं, रेश्माला सांगायचं, चुकलं माझं. आणि एखादा बेड मोकळा असेल तर घटकाभर पाठ टेकायची. काउंटरवरच्या माणसानं नाव विचारलं. ऐटीत सांगितलं, नाथाजी, मॅडमचे मिस्टर.

तो रजिस्टर न बघताच म्हणाला, साहेब, मॅडमनी मुक्काम वाढवलाय. आन सांगून ठेवलंय, पाहुणं आलं तर आत सोडू नका.

दूध घेऊन घरी आलो. चहा ठेवला आहे.