गुठळी विरघळली

हर्षित,

घरात कुणी दिसलं नाही म्हणून घाबरू नकोस. बाळाला घेऊन मी आणि तुझी आई केळव्याला, माझ्या माहेरी चाललोय.

तपासण्या झाल्या. पायातली रक्ताची गुठळी विरघळली आणि फुप्फुसात गेलेलीही आता राहिली नाही. फोनवर सांगितलं असतं तर तू कंपनीच्या गेटवर सगळ्यांसमोर रडला असतास, म्हणून लिहून ठेवतेय.

माझ्याबरोबर यायला सुट्टी मिळत नाही म्हणालास, पण तू ती मागितलीच नव्हतीस हे मला कळलं होतं. राग नाही, निकाल ऐकायची भीती वाटली असणार. पालघरला दवाखान्याच्या बाकावर मलाही वाटत होती.

मलाच का झालं, असं डॉक्टरबाईंना विचारलं. सिझेरियन, त्यानंतर नुसतं पडून राहणं, त्यात माझ्या मावशीलाही असंच झालेलं. सगळं एकत्र आलं, म्हणाल्या. गोळ्या अजून थोडे दिवस घ्यायच्या. पुढच्या वेळी दिवस राहिले की लगेच त्यांच्याकडे जायचं, पुन्हा गुठळी होऊ नये म्हणून त्या इंजेक्शनं सुरू करतील. मी काही बोलायच्या आत आईंनीच विचारलं, "म्हंजे पुढची वेळ हाय ना?" बाई हसून म्हणाल्या, "आहे की."

येताना बाळाला कडेवर घेऊन स्टेशनचा पूल चढले. वर पोचल्यावर आईंना धाप लागली, मला नाही.

डाळ-भात झाकून ठेवलाय. जेव, झोप काढ आणि ऊन उतरलं की ये. तुझ्याबरोबर समुद्रावर लांबपर्यंत चालायचंय.

रूपल